एकट्या डॉक्टरचा दवाखाना आणि त्याची संघटना

मुंबईच्या उपनगरांत रहाणाऱ्या सामान्य कुटुंबाला मोठ्या रुग्णालयाची पायरी क्वचितच चढावी लागते. त्याचा नित्याचा संबंध येतो तो कोपऱ्यावरच्या दवाखान्याशी. इमारतीच्या तळमजल्यावरचा एक गाळा, मधोमध लाकडी पार्टिशन, बाहेर बाकावर खोकणारी, कण्हणारी माणसे आणि आत एक डॉक्टर, असे हे चित्र अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत सर्वत्र सारखेच आहे. या डॉक्टरच्या हाताला गुण आहे की नाही, तो फी किती घेतो, इंजेक्शन टोचण्याची त्याला घाई असते काय, याविषयी त्याचे रुग्ण आपसांत पुष्कळ बोलतात. परंतु हा मनुष्य आपल्या व्यवसायात विलक्षण एकटा असतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. शिक्षकाची चूक निकालपत्रकात उघडी पडते. कारकुनाच्या टिपणावर हेडक्लार्कची लेखणी फिरते. या डॉक्टरने लिहिलेली चिठ्ठी मात्र औषधविक्रेत्याखेरीज दुसरा कोणी जाणकार वाचत नाही, आणि औषधविक्रेत्याला तीत खोड काढण्याचे काही कारण नसते.

या एकटेपणाचे मूळ बऱ्याच अंशी शहराच्या भूगोलात आहे. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली भायखळ्याला निघाले, परळचे के. ई. एम. रुग्णालय व त्याचे वैद्यकीय महाविद्यालय १९२६ मध्ये सुरू झाले. नायर काय किंवा शीवचे रुग्णालय काय, अध्यापनाची जुनी केंद्रे सारी दक्षिणेकडेच. पुढे महापालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत गेली. वस्ती सरकली, तिच्या मागोमाग डॉक्टरही सरकले. परंतु विद्या होती तेथेच राहिली. बोरिवलीच्या डॉक्टरला परळचे सायंकाळचे व्याख्यान ऐकावयाचे तर संध्याकाळचा दवाखाना बंद ठेवून गर्दीच्या उलट दिशेने गाडी पकडावी लागे. महिन्यातून एकदा का होईना, असा त्याग करणारे किती निघणार?

उपनगरांतील वैद्यक संघटनांचा जन्म या अडचणीतून झाला असे म्हणावयास हरकत नाही. मालाडची मेडिकल असोसिएशन, ‘बोरिवली मेडिकल ब्रदरहुड’, जुहूला स्वतःची वास्तू असलेली इंडियन मेडिकल असोसिएशनची मुंबई पश्चिम शाखा, विशेषज्ञांची असोसिएशन ऑफ मेडिकल कन्सल्टंट्स ही सर्वांच्या परिचयाची नावे. (बोरिवलीकरांनी संघटनेला बंधुत्वाचे नाव दिले, ते मोठे सूचक आहे. एकाच रस्त्यावर पाट्या लावून बसलेल्या प्रतिस्पर्ध्यांना भाऊ म्हणवून घ्यावेसे वाटले, ही गोष्ट लहान नव्हे.) परंपरा अर्थातच याहून जुनी आहे. मुंबईची मेडिकल अँड फिजिकल सोसायटी १८३५ ची, बॉम्बे मेडिकल युनियन १८८३ ची, आणि अखिल भारतीय स्वरूपाची इंडियन मेडिकल असोसिएशन १९२८ ची.

अशा संघटनेचा सभासद झाल्याने डॉक्टरच्या पदरात काय पडते? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना पाच वर्षांत तीस ‘क्रेडिट’ तासांचे शिक्षण दाखवावे लागते. ते त्याला घराजवळ मिळते. आजारी पडला किंवा गावी गेला तर रुग्णांकडे पाहणारा विश्वासू सहकारी मिळतो. प्रसूतिगृह काढावयाचे तर १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा, जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम, अग्निशमन दलाचा दाखला या चक्रव्यूहातून आधी बाहेर पडलेला कोणीतरी वाट दाखवितो. दवाखान्यावर जमाव चालून आला तर २०१० च्या राज्य कायद्यानुसार तो दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे, हे पोलीस ठाण्यात जाऊन सांगावयास दहा माणसे पाठीशी उभी रहातात.

या साऱ्यात महत्त्वाचा लाभ कोर्टकचेरीच्या बाबतीतला. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता प्रकरणात निर्णय दिला, की पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ही १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालील ‘सेवा’च होय. त्या खटल्यात ग्राहक मंचांच्या अधिकाराविरुद्ध उभी राहिलेली संस्था खुद्द इंडियन मेडिकल असोसिएशन होती, आणि ती हरली. त्या दिवसापासून दवाखान्याच्या दारात वकिलाच्या नोटिशीची शक्यता कायमची येऊन बसली. पुढे २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले, की डॉक्टरवर निष्काळजीपणाचा फौजदारी गुन्हा चालविण्याआधी स्वतंत्र व सक्षम वैद्यकीय मत घेतले पाहिजे. एकट्या डॉक्टरने ही सारी गुंतागुंत पेलायची कशी? म्हणून विमा, कायदेशीर सल्ला, जाणत्यांचे मत यांसाठी संघटनेची वर्गणी भरली जाते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन याने १९६५ च्या आपल्या ग्रंथात तेथील मेडिकल असोसिएशनचे उदाहरण घेऊन हेच दाखविले आहे. सर्वांच्या हिताचे काम संघटना करील, पण त्यासाठी कोणी वर्गणी भरीत नाही, कारण ते हित न भरणाऱ्यालाही मिळतेच. माणूस वर्गणी भरतो ती केवळ सभासदालाच मिळणाऱ्या गोष्टीसाठी.

येथे सुजाण वाचक विचारील, की डॉक्टरांनी एकमेकांना सांभाळून घेतले यात आमचा लाभ कोणता? शंका रास्त आहे. एका धंद्यातली माणसे एकत्र जमली की बोलणे ग्राहकाविरुद्धच्या कटाकडे वळते, असा इशारा ॲडम स्मिथ याने १७७६ मध्येच देऊन ठेवला. आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशन ही नवागतांना दारातच अडवून धरणारी मक्तेदारी आहे, असा आरोप मिल्टन फ्रीडमन याने १९६२ मध्ये केला. आपल्याकडचा अनुभवही निर्मळ नाही. रुग्ण पाठविल्याबद्दल मिळणाऱ्या ‘कट’विषयी उपनगरांत बोलले जाते ते कुजबुजीनेच. तो रोखणाऱ्या कायद्याचा मसुदा राज्य शासनाने नेमलेल्या समितीने २०१७ मध्ये तयार केला, कारण व्यवसायाने स्वतः होऊन हे घर झाडले नव्हते. औषध कंपन्यांच्या भेटवस्तूंना बंदी घालणाऱ्या नियमाची गोष्ट तर अधिक बोलकी. २००९ मध्ये मेडिकल कौन्सिलने केलेल्या त्या नियमात डॉक्टरांबरोबर त्यांच्या संघटनांचाही उल्लेख होता. २०१६ च्या दुरुस्तीने संघटना त्यातून वगळण्यात आल्या. म्हणजे एकट्या डॉक्टरने जे घेणे गैर, ते त्याच्या संघटनेने मात्र घ्यावे! व्याख्यानानंतरच्या भोजनाचा खर्च कोण करतो, हे विचारण्याचा अधिकार अशा वेळी रुग्णाला पोहोचतो.

तरीसुद्धा डॉक्टरांनी संघटित असणे हे रुग्णाच्याच हिताचे आहे, आणि त्याचे कारण अर्थशास्त्रात सापडते. केनेथ ॲरो याने १९६३ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात वैद्यकीय सेवेच्या बाजाराचे वेगळेपण दाखविले. भाजी घेणारा भाजी पारखू शकतो; उपचार विकत घेणारा उपचार पारखू शकत नाही. ज्याच्याकडून घ्यावयाचे त्याच्याच शब्दावर त्याला विसंबावे लागते. रुग्ण बरा झाला तर तो औषधाने की आपोआप, हेही त्याला कळत नाही. मग पारखणार कोण? न्यायालय हानी झाल्यावर पाहते, कौन्सिल तक्रार आल्यावर. उपचार चालू असताना तो योग्य की अयोग्य हे ओळखू शकणारा मनुष्य एकच, आणि तो म्हणजे दुसरा डॉक्टर. दोघांची गाठ पडण्याची सोय नसेल, तर ती पारख होतच नाही.

ती न झाल्यास काय होते याचा दाखला मुंबईतच आहे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत धारावी परिसरातील सुमारे शंभर खासगी डॉक्टरांना क्षयाच्या उपचाराची चिठ्ठी लिहावयास सांगितले होते. त्यांनी ऐंशी वेगवेगळ्या पद्धती लिहिल्या! क्षयासारख्या रोगाचा उपचार, जो साऱ्या जगात जवळजवळ एकाच साच्याचा असावयास हवा, तो एका वस्तीत ऐंशी प्रकारांनी होत होता. वीस वर्षांनी, २०१० मध्ये, त्याच भागातील दुसरी पाहणी प्रसिद्ध झाली. या वेळी १०६ डॉक्टरांनी ६३ पद्धती लिहिल्या, आणि त्यांतल्या अचूक चिठ्ठ्या केवळ सहा. अपुरा वा चुकीचा उपचार झालेला क्षय औषधांना दाद देईनासा होतो, आणि लोकलच्या डब्यात शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तो त्याच स्वरूपात मिळतो. उत्तरपत्रिका चुकली तर एक विद्यार्थी नापास होतो. येथे चिठ्ठी चुकली तर एका चाळीला धोका.

आता या दुसऱ्या पाहणीतला एक तपशील संघटनांच्या पुरस्कर्त्यांना अडचणीचा आहे, आणि तो झाकून ठेवणे योग्य होणार नाही. हे १०६ डॉक्टर काही कोपऱ्यात बसलेले नव्हते. ते सतत वैद्यकीय शिक्षणाच्या एका कार्यक्रमाला जमलेले होते. म्हणजे सभागृहात येऊन बसणे आणि शिकणे या दोन निराळ्या गोष्टी ठरतात. अध्यापनाशी संबंध असलेल्या कोणालाही याचे आश्चर्य वाटू नये. वर्गातील हजेरीपटावरून विद्यार्थ्यांच्या ज्ञानाचा अंदाज कोण बांधतो? पण त्याच पाहणीने असेही नोंदविले, की शासनाचा क्षयरोग कार्यक्रम या डॉक्टरांपर्यंत कधी पोहोचलाच नव्हता. पाच हजार सुट्या दवाखान्यांची दारे ठोठावणे कोणत्याही खात्याला जमणारे नाही. पन्नास संघटनांच्या सचिवांना एक पत्र मात्र सहज धाडता येते.

साथीच्या रोगांत तर ही गोष्ट अधिकच ठळक होते. एका दवाखान्यात एकाच प्रकारच्या तापाचे चार रुग्ण आले तर डॉक्टर त्याला ऋतुमान म्हणतो. वीस दवाखान्यांत चार-चार आले तर ती साथ असते. परंतु ते वीस डॉक्टर एकमेकांशी बोलले तरच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि ओसरलेल्या पाण्यामागोमाग ऑगस्टमध्ये लेप्टोस्पायरोसिस आला. पहिल्या दोन-तीन दिवसांत साध्या तापासारखाच दिसणारा हा रोग वेळीच ओळखला तर स्वस्त औषधाने आटोक्यात येतो, उशीर झाला तर मूत्रपिंडावर जातो. अशा आठवड्यात घाटकोपरच्या डॉक्टरला कुर्ल्यात काय चालले आहे हे संध्याकाळपूर्वी कळणे, याची किंमत रुपयांत मोजता येत नाही. एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या दहशतीत कित्येक खासगी दवाखाने बंद असताना माहीम-धारावीच्या डॉक्टरांची संघटना महापालिकेच्या कर्मचाऱ्यांबरोबर घरोघर तपासणीला उतरली. एकेकट्या डॉक्टरला हे धैर्य झाले असते काय? झालेही असते कोणाला. पण महापालिकेला एकत्र हाक मारता आली ती संघटना आधीपासून उभी होती म्हणून.

या चित्रात एक मोठी उणीव आहे. इंडियन मेडिकल असोसिएशनचे दार आधुनिक वैद्यकाच्या पदवीधरांनाच उघडते. उपनगरांतील झोपडपट्ट्यांत आणि डोंगरउतारांवरच्या वस्त्यांत रात्री अकराला जो डॉक्टर उठवला जातो, तो बहुधा आयुर्वेदाचा वा होमिओपॅथीचा पदवीधर असतो. त्यांच्या संघटना निराळ्या. पदव्यांचा वाद न्यायालयांत आणि विधिमंडळात चालायचा तसा चालो. परंतु क्षयाचे जंतू पदवी पाहून शरीरात शिरत नाहीत. निदान साथींविषयीच्या आणि क्षयाविषयीच्या बैठकांना ही दारे एकमेकांसाठी उघडी असावयास हवीत.

आणि बैठकांचे स्वरूपही बदलावे लागेल. पंचतारांकित हॉटेलातील भाषणापेक्षा आपल्याच हातून बिघडलेल्या एका रुग्णाची हकीकत चार सहकाऱ्यांपुढे नाव न सांगता मांडणे कितीतरी अवघड आणि कितीतरी उपयोगाचे. त्यासाठी औषध कंपनीचे यजमानपद नको, महागडे सभागृह नको. घाटकोपरला महापालिकेचे राजावाडी रुग्णालय आहे, मुलुंडला अगरवाल, कांदिवलीला शताब्दी, आणि जुहूच्या कूपर रुग्णालयाला तर २०१५ पासून वैद्यकीय महाविद्यालयच जोडलेले आहे. महिन्यातून एका रविवारी सकाळी यांतला एखादा वर्ग परिसरातील डॉक्टरांसाठी मोकळा करून द्यावा, रुग्णालयाच्या वैद्यांनी त्या महिन्यात वस्तीतून उशिरा आलेले चार रुग्ण तेथे मांडावेत, आणि ते ज्या दवाखान्यांतून आले तेथील डॉक्टर समोरच्या बाकांवर बसलेले असावेत. यासाठी नवा कायदा लागत नाही. महापालिका आयुक्तांचे एक परिपत्रक आणि स्थानिक संघटनांच्या सचिवांचा होकार एवढ्यावर येत्या पावसाळ्यापूर्वी हे सुरू करता येईल.