आमच्यासाठी वेगळा आकडा कशाला?

मंडळी, मी इंदूरचा, जन्मांध. कॉम्प्युटरवर सिम्युलेटरमध्ये विमान उडवतो. तर आपलीच माणसं सांगतात, "व्हिज्युअल ॲप्रोच, म्हणजे बाहेर बघून उतरणं, तुझं काम नाही रे. अमुक फुटांखाली ऑटोपायलटच ठेव." का म्हणून?

खऱ्या विमानात बाहेरचं डोळ्यांनी दिसावंच लागतं, मान्य. पण सिम्युलेटरमध्ये कोणाचा जीव धोक्यात नसतो. तिथे स्क्रीन रीडर मला उंची, अंतर, दिशा वाचून दाखवतो. आपला देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,८५० फुटांवर. तीन अंशांच्या उताराला दर सागरी मैलामागे साधारण ३०० फूट. म्हणजे धावपट्टी पाच मैलांवर असताना अल्टिमीटर ३,३५० च्या आसपास हवा. या हिशेबाला डोळे कुठे लागतात?

मर्यादा मलाही हवीच. विमान कंपन्यांत रूढ नियम आहे: व्हिज्युअल ॲप्रोचमध्ये विमानतळाच्या ५०० फूट वर येईपर्यंत वेग, उतार, दिशा जमली नाही, तर उतरायचं नाही, परत वर जायचं. तो मला लावा, डोळस पोरांनाही लावा. तुमच्या घरात अंध मूल असेल तर काळजीपोटी त्याच्या हातातली जॉयस्टिक काढून घेऊ नका. हा ५०० फुटांचा नियम शिकवा त्याला.