बल्ब फुटतो तो कुणाच्या हातात?



आरोग्याचा प्रश्न निघाला की आपण डॉक्टर, औषधे, खाटा, कुटुंबनियोजनाची सक्ती यांवर तावातावाने बोलतो. रक्त ज्यात घेतात त्या बोटभर नळीबद्दल मात्र आपल्या एखाद्या परिषदेत ठराव झाल्याचे ऐकिवात नाही. लॅबमधल्या मुली तिला ‘बल्ब’ म्हणतात. जांभळ्या बुचाचा ईडीटीएचा, लाल बुचाचा साधा, निळ्या बुचाचा सायट्रेटचा. गरोदरपणात हे बल्ब बाईच्या वाट्याला पुन्हा पुन्हा येतात. रक्त देणारी बाई, घेणारी सिस्टर किंवा लॅबमधली मुलगी, मागची घाण उचलणारी मावशी, आणि पुढे कचऱ्यात हात घालणारीही बाईच. म्हणून हा विषय ‘तांत्रिक’ म्हणून तज्ज्ञांवर सोडून द्यायला आमचे मन तयार नाही.

काचेपासून सुरुवात करू. काच हवा आत येऊ देत नाही, ओल बाहेर जाऊ देत नाही, रक्ताशी फारशी देवाणघेवाण करत नाही. नमुना टिकवायला उत्तमच. पण ती फुटते. सेंट्रिफ्यूजमध्ये फुटते, बूच ओढताना फुटते, पिशवीतून नेताना फुटते. रक्ताने माखलेली काच हातात घुसली की पुढचे सहा महिने कसे जातात ते ज्यांच्यावर आले त्यांनाच ठाऊक. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यास लागण होण्याचा धोका हजारात तीनच्या आसपास आहे. ब प्रकारच्या काविळीची लस न घेतलेल्या बाईला मात्र तो धोका शंभरात तीसपर्यंत जाऊ शकतो. अमेरिकेत काचेच्या केशनळ्या फुटून होणाऱ्या जखमांबद्दल तिथल्या सरकारी यंत्रणांनी फेब्रुवारी १९९९ मध्ये एकत्रितपणे इशारा दिला आणि न फुटणाऱ्या नळ्या वापरायला सांगितले. आपल्याकडे त्यानंतरही कित्येक वर्षे नर्सबाई साहलीच्या पद्धतीने हिमोग्लोबिन मोजताना काचेच्या पिपेटमध्ये तोंडाने रक्त ओढत होत्या. हे ‘कौशल्य’ प्रशिक्षणात शिकवले जाई, हे विशेष.

मग प्लॅस्टिक आले. १९९० च्या दशकापासून काचेची जागा ‘पेट’ या प्लॅस्टिकने घ्यायला सुरुवात केली. पाण्याच्या बाटल्यांचेच हे प्लॅस्टिक. पडले तरी फुटत नाही, म्हणून हाताळणाऱ्या बाईच्या बाजूने ही सुधारणा निर्विवाद आहे. अडचण निराळीच निघाली. या बल्बमध्ये निर्वात जागा असते आणि तिच्या जोरावर नेमके ठरलेले रक्त आत ओढले जाते. पेट हवेला बऱ्यापैकी अडवते, पण ओल हळूहळू झिरपू देते. पॉलिप्रॉपिलीन ओल धरून ठेवते, पण हवा आत घेते. म्हणून सायट्रेटसारखे पातळ औषध असलेला बल्ब दुहेरी करावा लागतो: आत पॉलिप्रॉपिलीन, बाहेर पेट. एवढे करूनही प्लॅस्टिकच्या बल्बचे आयुष्य मर्यादितच. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत खोकी पडून राहिली तर निर्वात जागा मुदतीआधीच कमी होते. रक्त कमी भरते, औषधाचे प्रमाण जास्त होते, पेशी आकसतात आणि अहवाल चुकतो. किंवा नमुनाच नाकारला जातो आणि बाईला परत यायला सांगतात. परत यायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी, एसटीचे भाडे आणि घरच्यांचे ऐकून घेणे. ‘सहकार्य करत नाही’ हा शेराही पुन्हा तिच्याच नावावर.

यावर आता प्लॅस्टिकच्या नळीला आतून काचेसारखा, डोळ्याला न दिसणारा पातळ थर देण्याची पद्धत निघाली आहे. न फुटणारे आणि न झिरपणारे, दोन्ही एकत्र. किंमत अर्थातच जास्त. आपल्याकडे सरकारी खरेदी सर्वांत कमी दराच्या निविदेवर चालते आणि फुटलेल्या काचेची, परत बोलावलेल्या बाईची किंमत त्या दरपत्रकात कुठेच धरलेली नसते.

‘सुरक्षित’ म्हणजे केवळ न फुटणारे असेही नाही. अमेरिकेत रक्तातले शिसे मोजण्याच्या एका यंत्राबद्दल मे २०१७ मध्ये सरकारने इशारा दिला. शिरेतून घेतलेल्या रक्तात ते यंत्र शिसे प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवत होते. सहा वर्षांखालची मुले, गरोदर बाया आणि अंगावर पाजणाऱ्या आया यांनी पुन्हा तपासणी करावी का हे डॉक्टरांना विचारावे, असे सांगावे लागले. शोध घेतल्यावर संशय गेला बल्बच्या रबरी बुचावर. रबर पक्के करायला वापरलेली गंधकयुक्त द्रव्ये बुचातून रक्तात उतरून शिशाला धरून ठेवत होती आणि यंत्राला ते दिसत नव्हते. यंत्र बनवणाऱ्या कंपनीला दोष आधीपासून माहीत होता. २०२४ मध्ये तिने गुन्हा कबूल करून ४ कोटी २० लाख डॉलर भरायचे मान्य केले. पोटातल्या बाळाला शिशाची बाधा होते आहे का, हे ज्या तपासणीवरून कळायचे, तिचा घात साध्या बुचाने केला! म्हणून नळी कशाची, बूच कशाचे, आत लावलेले औषध कोणते, हे विचारणे म्हणजे नसता चौकसपणा नव्हे.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी एका वाटेने येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बाया रक्तक्षयी आढळल्या. महाराष्ट्रात ५४ टक्के. मागच्या फेरीपेक्षा दोन्ही आकडे वाढलेले. बोटातून घेतलेल्या रक्ताचे मोजमाप खात्रीचे नाही असा आक्षेप घेऊन पुढच्या फेरीतून ही तपासणीच वगळली गेली आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या पाहणीत शिरेतून रक्त घेण्याचे ठरले. शास्त्र म्हणून ते बरोबर असेलही. पण याचा अर्थ आपला अशक्तपणा आता बल्बमधून प्रवास करणार. तो प्रवास उन्हातून, खड्ड्यांतून आहे. उद्या आकडे खाली आले तर जेवणात भर पडली की नुसती मोजणी बदलली, हे विचारण्याइतकी समज आपल्यापाशी हवी.

कचऱ्याबद्दल थोडक्यात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे प्लॅस्टिकचे बल्ब लाल पिशवीत, फुटकी काच निळ्या खोक्यात जायला हवी, रक्ताचे नमुने तिथल्या तिथे निर्जंतुक व्हायला हवेत, आणि हा कचरा हाताळणाऱ्या सर्वांना काविळीची आणि धनुर्वाताची लस द्यायला हवी. सर्वांना म्हणजे कंत्राटी मावशींनाही. वर्षे टिकणारी नळी पाच मिनिटे वापरून फेकायची, हे कोडे तर आहेच. पण ते सोडवण्याचा भार कचरावेचक बायांच्या बोटांवर टाकता येणार नाही.

तेव्हा येत्या तीन महिन्यांत प्रत्येक गटाने आपल्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पालिकेच्या दवाखान्यात जावे. सिस्टरांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायला नव्हे, त्यांच्या बाजूने. बल्ब काचेचे की प्लॅस्टिकचे, खोक्यावरची मुदत कोणती, साठा कुठे आणि किती उष्णतेत ठेवला आहे, गेल्या वर्षात किती बायांना रक्तासाठी परत बोलावले, कुणाच्या हाताला जखम झाली आणि तिची नोंद झाली का, मावशींना लस मिळाली का, हे विचारावे. सदोष उपकरणाची तक्रार घेणारा एक राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे आहे. तिथे नर्सच काय, रुग्णही तक्रार करू शकते. आपल्या माहितीचा कागद आमच्याकडे पाठवताना सांगणाऱ्या बाईचे नाव मात्र तिच्या संमतीशिवाय लिहू नये, कारण यातल्या बहुतेकजणी कंत्राटावर आहेत.