काटा खोटे का बोलतो?

इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एम.जी.बी. ही स्पोर्ट्स कार अनेक हौशी मंडळी आजही जपून वापरतात. अशा गाडीचा स्पीडोमीटर बिघडला, की सोपा सल्ला मिळतो, ‘दुसरा मीटर बसवा!’ माझ्या मते ही घाई चुकीची आहे, आणि धोक्याचीही.

या मीटरची रचना पाहू या. गिअरबॉक्समधून निघालेली लवचिक केबल मीटरमधील लोहचुंबक फिरवते. चुंबकाला न टेकता त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची हलकी वाटी असते. चुंबक फिरला की वाटीत भोवरी प्रवाह निर्माण होतात व वाटी चुंबकामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला अडवते. वेग दुप्पट झाला की ओढही दुप्पट होते आणि वाटीला जोडलेला काटा तितकाच पुढे सरकतो. अंतर मोजणारे आकडे मात्र त्याच केबलवर, पण दातेरी चाकांनी फिरतात.

आता निदान करा पाहू! काटा आणि आकडे दोन्ही थांबले, तर आधी केबल तपासावी. आकडे चालू पण काटा मेलेला, तर दोष मीटरच्या आत. काटा थरथरतो, तेव्हा बहुधा केबल कोरडी पडलेली असते किंवा तिला तीव्र वळण बसलेले असते. तिला वंगण द्यावे, पण बेताने. मीटरकडील टोकाला लावू नये. तेथून ते आत चढले तर वाटीच चिकटते.

काटा आणि आकडे एकाच प्रमाणात चुकत असतील, तर स्प्रिंगला हात लावू नये. टायरचा व्यास किंवा गिअरचे प्रमाण बदलले आहे काय, ते पाहावे.

न तपासता मीटर बदलण्यातला धोका येथेच आहे. मैलामागे केबलचे किती फेरे, हा आकडा अशा मीटरच्या तबकडीवर बारीक अक्षरांत छापलेला असतो. समजा, गाडीची केबल मैलाला १००० फेरे घेते आणि आपण १२८० फेऱ्यांचा मीटर बसवला. मग गाडी ताशी ६० मैल धावत असताना काटा सुमारे ४७ दाखवील! १०० मैलांचा प्रवास ७८ मैल म्हणून नोंदला जाईल. मीटर नवा, चकचकीत, आणि साफ खोटा. चालक मात्र त्याच्यावर विश्वासून वळण घेणार.

दुरुस्ती झाल्यावरही पडताळा हवाच. मोकळ्या रस्त्यावर काटा ६० वर स्थिर ठेवावा आणि शेजारी बसलेल्याने एका मैलाला लागणारा वेळ मोजावा. बरोबर ६० सेकंद लागले पाहिजेत. ७५ लागले, तर खरा वेग ४८ च आहे.

शिक्षकांना एक विनंती. आपल्याकडील जुन्या स्कूटरच्या मीटरमध्येही हीच वाटी आणि हाच चुंबक असतो. भंगारवाल्याकडून असा एखादा मीटर आणा आणि वर्गात मुलांच्या हातांनी उघडू द्या. फॅराडेने १८३१ मध्ये शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन फळ्यावरील आकृतीपेक्षा त्या वाटीत लवकर समजेल. शिवाय, उपकरणाने दाखवलेला आकडा तपासल्याशिवाय खरा मानू नये, ही सवयही लागेल.