जामीन मागणारा विश्वास

दिंडोरीच्या शिवारात द्राक्षबागांची ऑक्टोबरची छाटणी चालू असली म्हणजे बांधावर उभ्या असलेल्या परक्या माणसाला क्षणभर वाटावे, की या लोकांना वेड लागले आहे. कारण पानांनी लदलेली हिरवीगार वेल कातरीखाली येते, काडीवर मोजके डोळे राहतात, ते फुटावेत म्हणून त्यांवर पेस्टचा हात फिरतो आणि संध्याकाळपर्यंत मांडवावर नुसत्या उघड्या काड्या उरतात. पुढच्या चार महिन्यांत अवकाळी येईल, धुके धरेल, कदाचित गारही पडेल. बागायतदाराला यातले काही ठाऊक नसते, तरी कातर त्याच्या हाती असते. ख्रिस्ती मनुष्याने देवावर भरवसा टाकून पाऊल उचलणे ज्यांना अंधारातली उडी वाटते, त्यांच्याशी वाद घालण्यास मला हीच जागा सोयीची वाटते.

त्यांचा पूर्वपक्ष असा, की बागायतदाराच्या गाठीशी गेल्या हंगामांचा अनुभव असतो, श्रद्धाळूपाशी केवळ कल्पना असते. या आक्षेपाचा पूर्वार्ध खरा असल्यामुळे उत्तरार्धही खपून जातो. परंतु श्रद्धाळूच्या गाठीशीही हंगाम असतात: आजारपणात, कर्जात, मृत्यूच्या दारात ज्याचा हात त्याने धरून पाहिला, त्याच्याच शब्दावर तो निघालेला असतो. अब्राहाम घर सोडून निघाला तेव्हा मुक्काम कोणता हे त्याला अवगत नव्हते; बोलावणारा कोण, हे मात्र पक्के अवगत होते. रस्ता अनोळखी असणे आणि रस्ता दाखविणारा अनोळखी असणे या दोन गोष्टींची गल्लत केल्यावाचून या विश्वासाला ‘अंध’ हे विशेषण लावताच येत नाही.

या बाहेरच्या आक्षेपकांपेक्षा मला भय वाटते ते आपल्याच मंडळीतल्या काही उत्साही उपदेशकांचे. नोकरीचा राजीनामा द्या, कर्ज काढा, औषध बंद करा, देव पाहून घेईल, असे व्यासपीठावरून सांगणाऱ्याच्या पदरचे काही जात नाही. जाते ते ऐकणाऱ्याच्या लेकरांच्या ताटातले. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, हा सल्ला येशूला कोणी दिला होता हे अशा प्रसंगी आठवावे. आणि तो सल्ला शास्त्रवचनाचा दाखला देऊन दिला होता, हेही आठवावे. प्रभूने ती उडी नाकारली. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अदमास घ्यावा, हा दृष्टान्तही त्याच प्रभूचा आहे. आपल्या लहरीवर देवाचा शिक्का मारून घेणे हा भरवसा नव्हे, ते देवाची परीक्षा पाहणे आहे, आणि त्याला शास्त्रात स्पष्ट मनाई आहे.

याउलट पंडिता रमाबाईंकडे पाहावे. अमेरिकेतील त्यांच्या हितचिंतकांनी विधवांसाठी काढलेल्या त्यांच्या शारदा सदनाला दहा वर्षे मदत करण्याचे अभिवचन दिले होते आणि ती मुदत सरत आली होती. अशा वेळी, १८९६-९७ च्या दुष्काळात, ज्या बाईचे आईवडील व थोरली बहीण पूर्वीच्या एका दुष्काळाने नेली होती ती बाई मध्यप्रांतात गेली आणि शेकडो अनाथ मुलींना घेऊन परतली. हिशेबनिसाच्या दृष्टीने हा शुद्ध अविचार होता. परंतु याच बाईने केडगावला आधीच जमीन विकत घेऊन ठेवली होती, फळझाडे लावली होती, आणि पुढे तिथे विहिरीही खोदविल्या. प्रार्थना करणारे गुडघे आणि विहिरीची जागा नक्की करणारी नजर ही तिच्या ठायी एकाच मनाची कामे होती.

आता तिसरा पक्ष, जो सर्वांत सभ्य आहे, आणि बहुधा आपण सारे त्यातलेच आहोत. आज्ञा मान्य आहे, पण आधी हमी मिळावी, इतकेच त्याचे म्हणणे. त्याला उत्तर इस्राएलांच्या यार्देन ओलांडण्यात आहे. श्रावणात आमच्या कादवा नदीला पूर यावा तशी यार्देन दुथडी भरून वाहत होती, कराराचा कोश याजकांच्या खांद्यावर होता, आणि पाणी हटले ते त्यांचे पाय पाण्यात बुडाल्यानंतर. काठावर थांबून पाणी हटण्याची वाट पाहिली असती, तर ते अद्याप काठावरच असते. जामीन घेऊन केलेला व्यवहार सावकारीला शोभतो. बापलेकांच्या नात्यात त्याला जागा नाही.

अशाच हमीवाचून निघालेल्या कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई जवळ नव्हत्या. नाशिकजवळच्या जलालपूरच्या त्या बाईवर त्या दिवशी जे कोसळले, त्याचे समर्थन मला करवत नाही. आज्ञापालनाची किंमत दुसऱ्याच्या माथी जाते तेव्हा पाळणाऱ्याने अधिक हळवे असले पाहिजे. परंतु पुढची हकिकत महत्त्वाची आहे. लक्ष्मीबाई नवऱ्यामागे फरफटत गेल्या नाहीत. त्यांनी आपले सोवळे सांभाळले, वाद घातले, आणि जातिभेद माणसांनीच निर्माण केला आहे अशी स्वतःची खात्री पटल्यावर, सुमारे पाच वर्षांनी, स्वतःच्या पायांनी चालत ख्रिस्ताकडे आल्या. ज्याचे त्याने ऐकायचे असते. एकाला आलेले बोलावणे दुसऱ्यावर फर्मान म्हणून बजावता येत नाही.

याच टिळकांनी १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना एकत्र आणणारा ‘देवाचा दरबार’ साताऱ्यास मांडला. ९ मे १९१९ रोजी ते वारले, आणि दरबाराला स्थैर्य आले नाही. म्हणून कोणी म्हणेल, की हाक देवाची नव्हतीच. हा निकाल मला मुळीच मान्य नाही. यशाच्या दाखल्यावरूनच आज्ञेची शहानिशा करायची असेल, तर अब्राहामाचेही प्रकरण फेटाळावे लागेल. सबंध देशाचे अभिवचन मिळालेल्या त्या माणसाच्या नावावर मरणसमयी बायकोला पुरण्यासाठी घेतलेले मकपेलाचे शेत व त्यातली गुहा एवढीच जमीन होती, आणि तीही एफ्रोनाला चारशे शेकेल चांदी मोजून, वेशीत साक्षीदारांसमक्ष खरेदी केलेली. टिळकांनी पाऊल टाकले ते दरबार टिकेल या हमीवर नव्हे. आणि त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्यही अपुरेच राहिले. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी.