अट एकीलाच कां?

राजदूताच्या कामास विद्वत्ता, संयम व तोललेली वाणी लागते. त्यांत स्त्री-पुरुष असा भेद करण्यास जागा नाहीं. १९४७ मध्यें विजयालक्ष्मी पंडित मॉस्कोस राजदूत म्हणून गेल्या, त्यावरून सरकारासही हें मान्य होतें असेंच दिसतें. परंतु १९४९ मध्यें परीक्षा देऊन परराष्ट्रसेवेंत आलेल्या पहिल्या स्त्रीस, कूर्गच्या सी. बी. मुथम्मा यांस, विवाह केल्यास नोकरी सोडीन असें लिहून द्यावें लागलें. बरोबरीच्या पुरुषांस ही अट नव्हती.

मुथम्माबाई अविवाहित राहिल्या. १९७० मध्यें त्या हंगेरींत राजदूत झाल्या. पुढें वरची श्रेणी नाकारली गेली, तेव्हां त्यांनीं सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली. खटला चालू असतांच बढती मिळाल्यामुळें १९७९ मध्यें अर्ज निकालांत निघाला. तथापि, संसार स्त्रीच्या कामाच्या आड येत असेल तर तो पुरुषाच्याही येऊं शकेल, असें न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं सरकारास सुनावलें.

तो नियम आतां उरला नाहीं. पण आपल्या माजघरांत काय चालतें? मुलाची बदली झाली कीं बिऱ्हाड हालतें; सुनेची झाली कीं राजीनाम्याची गोष्ट निघते. ही न लिहिलेली अट काढण्यास न्यायालय नको; घरांतील वडील मंडळींनीं मनावर घेतलें म्हणजे पुरे, असें आम्हांस वाटतें.