गोळी फुकट, पण तिची किंमत कोणी ठरवली?

टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, हे आमच्या अल्लीपूरच्या शाळकरी पोरांनाही माहीत आहे. पण फुकट ती रोग्याला. सरकार ती विकत घेतं आणि पैसा तुमच्या-आमच्या करातला असतो. मग ही गोळी सरकारला कितीला पडते, हे आपण कधी विचारतो का?

बेडाक्विलिनचंच घ्या. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवरची ही गोळी. अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये तिला मंजुरी मिळाली. चाळीस वर्षांत टीबीवर नवं औषधच आलं नव्हतं, म्हणून शेवटच्या टप्प्यातल्या मोठ्या चाचण्या व्हायच्या आधीच ती दिली गेली. भारतात २०१५ साली परवानगी मिळाली, पण २०१६ मध्ये सुरुवातीला गोळी मिळायची ती फक्त पाच शहरांतल्या सहा केंद्रांत. विदर्भात एकही नाही! पाटण्याच्या अठरा वर्षांच्या एका मुलीला दिल्लीत रहिवासाच्या कारणावरून ती नाकारली गेली. वडील हायकोर्टात गेले, जानेवारी २०१७ मध्ये मार्ग निघाला, पण फार उशीर झाला होता. २०१८ साली पोर गेली. नव्या औषधाला जपून हात लावावा हे मला पटतं, पण आजार काही रहिवासी दाखला पाहून येत नाही.

आता किंमत. २०१५ च्या सुमारास सहा महिन्यांच्या कोर्सला कंपनीचे तीन दर होते: श्रीमंत देशांना ३०,००० डॉलर, मधल्यांना ३,००० आणि गरिबांना ९००. गोळी तीच! खर्च निघायला नको का, असं कुणी म्हणेल. पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार या औषधाच्या संशोधनात जनतेचा पैसा कंपनीच्या पैशापेक्षा १.६ ते ५.१ पट जास्त होता. म्हणजे लोकांनी आधी संशोधनाला पैसे दिले आणि मग औषधालाही.

आमच्याकडे कापूस वेचायला जाणारी एक बाई आहे. टीबी बरा झाला, पण जुन्या इंजेक्शनांनी कान गेले. मागून ट्रॅक्टर आला तरी तिला कळत नाही, म्हणून सून सतत सोबत असते. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांचीही ऐकण्याची शक्ती टीबीच्या उपचारातच गेली. बेडाक्विलिनमुळे ही इंजेक्शनं टाळता येतात. म्हणून जॉन्सन अँड जॉन्सन कंपनी या औषधाचं पेटंट २०२७ पर्यंत लांबवू पाहत होती, तेव्हा २०१९ मध्ये या दोघींनी भारतात हरकत घेतली. त्याच औषधाचा क्षार बनवला, यात नवा शोध कुठला, असा त्यांचा सवाल होता. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. मूळ पेटंट त्याच जुलैत संपलं आणि भारतीय कंपन्यांना वाट मोकळी झाली. ऑगस्टमध्ये जागतिक खरेदी यंत्रणेला मूळ कंपनीचाच कोर्स २८९ ऐवजी १३० डॉलरला मिळू लागला, म्हणजे साधारण चोवीस हजारांवरून अकरा हजारांवर. जागा डॉक्टरांची नाही, मंत्र्यांचीही नाही, पेटंट कार्यालयाची!

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने याच गोळीसह चार औषधांचा सहा महिन्यांचा उपचार मंजूर केला. पूर्वी हेच वीस महिन्यांपर्यंत चालायचं. वीस महिने रोजी बुडवून गोळ्या खाणं काय असतं, ते मजूर बाईलाच विचारा. पण मंजुरी वेगळी आणि गोळी हातात पडणं वेगळं. त्याच वर्षी मार्चमध्ये साध्या टीबीच्या औषधांचाही तुटवडा पडला होता आणि केंद्राने राज्यांना तीन महिन्यांपुरती खरेदी आपापली करायला सांगितलं होतं. दवाखान्यात ‘पुढच्या आठवड्यात या’ असं ऐकून परतलेल्या बायका आशाताईंच्या दारात येऊन बसत. आशाताई तरी काय करणार?

त्या मार्चमध्ये आणखी एक बदल झाला, तो मात्र फारसा कुणाच्या लक्षात आला नाही. पेटंट मिळण्याआधी त्याला हरकत घेण्याचा हक्क आपल्या कायद्यात कोणत्याही व्यक्तीला आहे, आणि त्याला फी नव्हती. नव्या नियमांनी फी लावली, शिवाय हरकत ऐकण्याजोगी आहे की नाही हे अधिकारी आधीच ठरवणार. २०१९ मध्ये त्या दोघी ज्या दारातून आत गेल्या, ते दार आता अर्धवट लोटलेलं आहे.