मनाचा साक्षीदार आणि मधले दलाल

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, आज जो विषय आम्ही घेतला आहे तो वरवर पाहता पाद्र्यांचा वाटेल. पण तो तुमच्या घरातला आहे. चंद्रपूर व गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात असे घर आढळते की थोरला भाऊ गावदेवीपुढे व पेनापुढे उभा राहतो आणि धाकटा ख्रिस्ताचे नाव घेतो. गावपूजेचा बोकड कापला जातो, घरोघर वाटा जातो, आणि धाकटा तो वाटा घेत नाही. झाले! गाव म्हणते, ‘हा आमच्यातून गेला.’ रोवणीस त्याला हाक नाही, त्याच्या बांधीवर कोणी येत नाही, मयतीस खांदा देण्यास माणूस मिळत नाही. उलट बाजूने एखादा प्रचारक धाकट्यास सांगतो, ‘भावाच्या घरचे पाणीसुद्धा पिऊ नकोस.’ गाव आज्ञा करते, प्रचारक आज्ञा करतो. परंतु बाबा, तुझे स्वतःचे मन काय सांगते, हे त्याला कोणीच विचारीत नाही. ह्या न विचारलेल्या प्रश्नाविषयीच आमचे दोन शब्द आहेत.

मनातल्या ह्या साक्षीदारास पुस्तकात सदसद्विवेकबुद्धी म्हणतात. शब्द मोठा, पण गोष्ट साधी. सुताराने दाराच्या चौकटीतील भेग लाख व भुसा भरून झाकली, तर गिऱ्हाइकास ती दिसत नाही. पण सुताराचा हात त्या जागी अडखळतो. तो अडखळणारा हात म्हणजेच ही बुद्धी. ख्रिस्ती धर्मात तिला फार वरची जागा आहे. पौलाने रोमच्या मंडळीस जे पत्र लिहिले त्यात त्याने असे मांडले आहे की, ज्यांस मोशेचे शास्त्र कधी मिळालेच नाही त्यांच्याही अंतःकरणात नियम कोरलेला असतो आणि त्यांचे मन त्यांस साक्ष देते. म्हणजे पेनाची पूजा करणारा गोंडही चांगले-वाईट जाणतो, हे ख्रिस्ती शास्त्रच कबूल करते. मग जो प्रचारक त्यास नुसता अंधारातला रानटी समजतो, तो आपल्याच ग्रंथास खोटे पाडतो.

बोकडाच्या वाट्याचाही निवाडा तेथे आहे. करिंथ शहरात मूर्तीपुढे वाहिलेले मांस खावे की नाही, यावरून ख्रिस्ती लोकांत तंटा लागला होता. पौलाचा निवाडा असा : मांसाने मनुष्य देवाजवळही जात नाही व दूरही जात नाही, पण ज्याचे मन टोचते त्यास खावयास लावू नये, आणि ज्याचे मन टोचत नाही त्याने आपल्या शहाणपणाच्या भरात दुबळ्या भावास ठेच लागू देऊ नये. हा निवाडा दोन्ही भावांस लागू करून पाहा. थोरल्याने वाट्याचा आग्रह करू नये. धाकट्याने वाटा नाकारताना भावाच्या देवास नावे ठेवू नयेत. दोघे एका चुलीपाशी बसू शकतात.

आता कोणी म्हणेल, मनाचे ऐकावयाचे तर पाद्री, बिशप, पुजारी कशास? ह्याच मुलुखाशी संबंध असलेली एक खरी हकीकत सांगतो. चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, येथे स्कॉटलंडच्या एपिस्कोपल पंथाचे मिशन होते. तेथे अनेक वर्षे काम केलेले अलेक्स वुड हे 1926 साली नागपूरचे बिशप झाले. त्यांच्याच हद्दीत व्हेरिअर एल्विन नावाचा तरुण इंग्रज पाद्री आला. हा 1927 साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात दाखल झाला होता व गांधीजींच्या चळवळीकडे ओढला गेला होता. 1932 साली तो शामराव हिवाळे ह्या मराठी ख्रिस्ती सोबत्यास घेऊन तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे गोंडांत राहावयास गेला. त्यांनी शाळा चालविल्या, दवापाणी केले, महारोग्यांस आसरा दिला. पण गोंडांस बाप्तिस्मा घ्यावयास लावणे एल्विनच्या मनास पटेना. बिशपांचे म्हणणे असे की पाद्र्याने सुवार्ता सांगितलीच पाहिजे व सरकाराशी एकनिष्ठेची शपथही घेतली पाहिजे. त्यावाचून त्यांनी परवाना दिला नाही. अखेर 1935 च्या नोव्हेंबरात एल्विनने आपला चर्चशी असलेला संबंध तोडला.

बिशप वुड दुष्ट होते असे आमचे म्हणणे नाही. ज्याने ह्या रानात आयुष्याची उमेद घालविली, त्याचेही मन त्यास काही सांगतच असेल. दोघांत फरक एवढाच की, एकाच्या हाती आपले मनच होते आणि दुसऱ्याच्या हाती परवानाही होता. ज्याच्या हाती परवाना असतो तो आपल्या मनाचा हुकूम दुसऱ्याच्या मनावर चालवू लागतो, आणि तेथेच दलाली सुरू होते. मग तो दलाल भट असो, बिशप असो, की गावचा पंच असो.

परंतु मनाचा हवाला देणारा प्रत्येक वेळी बरोबरच असतो, असेही समजू नका. ह्याच एल्विनने 1940 साली कोसी नावाच्या गोंड मुलीशी लग्न केले आणि 1949 साली ते मोडले. पुढे त्याचे नाव देशभर झाले; कोसीच्या वाट्यास खेड्यातले दारिद्र्य आले. बिशपापुढे ताठ उभे राहणारे मन घरातल्या बाईच्या बाबतीत कोठे होते, असे विचारण्याचा कोणासही अधिकार आहे. मन हे विळ्याच्या पात्यासारखे आहे. रोज घासले तरच धार राहते. ‘माझे मन सांगते’ म्हणणाऱ्याने आधी पाहावे की, त्या सांगण्यात आपला फायदा किती व त्याची किंमत मोजतो कोण. किंमत दुसराच मोजीत असेल, तर ते मन नव्हे, स्वार्थ आहे.

महाराष्ट्रास ही शिकवण परकी नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी नवरा गेला म्हणून त्याच्यामागे उडी घेतली नाही. स्वतःच्या मनाची खात्री होण्यास त्यांस पाच वर्षे लागली. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण चर्च सांगते म्हणून मान तुकवावयाची, हे तेथील साध्वींपुढेही त्यांनी मान्य केले नाही. आणि जोतीराव फुले तर स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकूनही ख्रिस्ती झाले नाहीत. 1891 साली छापलेल्या त्यांच्या सत्यधर्माच्या पुस्तकात एकाच घरातील माणसांनी निरनिराळे धर्म पाळून प्रेमाने नांदावे, असे सांगितले आहे. एकाने धर्म घेतला, एकाने घेतला नाही. कसोटी दोघांची एकच.

आपल्या राज्यघटनेच्या 25 व्या कलमात सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आधी लिहिले आहे, धर्म पाळण्याचे व पसरविण्याचे त्यामागून. हा क्रम आम्हांस फार मोलाचा वाटतो. तरीही शेजारच्या बस्तरात काय झाले? जानेवारी 2025 मध्ये एका ख्रिस्ती पाद्र्याचे प्रेत गावकऱ्यांच्या विरोधामुळे जवळजवळ तीन आठवडे शवागारात पडून राहिले. मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 27 जानेवारीस दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही, आणि अखेर वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरावे, असे ठरले. ज्या मातीत वाडवडील गेले तीत बापास पुरता येऊ नये, ह्यात कोणत्या देवाची शोभा वाढली?

म्हणून आमचे सांगणे दोघांसही आहे. गावाने ध्यानात ठेवावे की, महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार हा 2017 पासून अमलात असलेल्या कायद्याने गुन्हा आहे. त्यास 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. प्रचारकाने ध्यानात ठेवावे की, औषधाच्या गोळीमागे किंवा शाळेच्या दाखल्यामागे जो बाप्तिस्मा दडवितो, तो मन जिंकीत नाही, विकत घेतो. आणि विकत घेतलेले मन जास्त भाव देणाऱ्याकडे जाते.

येत्या रोवणीस वेगळ्या देवाच्या भावास हाक द्या. धान रोवणारा कोणाचे नाव घेतो, हे बांधी विचारीत नाही. ती फक्त पाहते की रोप सरळ लावले की नाही. गावानेही तेवढेच पाहावे.